एका मालिकेचा शेवट आणि ती लिहिणारी शेतकऱ्याची लेक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मालिका वर्षानुवर्षं लांबवायची आणि एक दिवस दोन भागांत गुंडाळून टाकायची, ही तक्रार आपल्या वाचकपत्रांत अधूनमधून असते. माझीही तीच तक्रार आहे. ज्या पात्रासाठी डोळे पुसले ते मधेच कुठं गेलं याचा पत्ता नसतो, आणि ज्यानं सगळ्यांचं वाटोळं केलं तो शेवटच्या भागात हात जोडून सुटतो. पण आज हे पत्र लिहायला बसले ते एका मालिकेचा शेवट पाहून मन भरलं म्हणून. ती जपानी आहे, चित्रांची आहे, आणि आमच्या गावात तिला कोणीही ‘पोट्ट्यांचं कार्टून’ म्हणेल. तिचं नाव ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’. ५ एप्रिल २००९ ला जपानात तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि ४ जुलै २०१० ला चौसष्टावा, म्हणजे शेवटचा. आमच्या घरी ती पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली, पण त्यानं तिचं काही बिघडलं नाही.

शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही. ज्यांना ती स्वतः पाहायची आहे त्यांनी हे पत्र कापून ठेवावं आणि नंतर वाचावं.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. कापूस, तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा, आणि गोठ्यात जनावरं, त्यात आमच्या वर्धा जिल्ह्याच्या गवळाऊ जातीच्या दोन गाई. मुलगा आयटीआयला फिटर ट्रेडला आहे, मुलगी नववीत. रब्बीत ज्या आठवड्यात पंपाची लाइन रात्रीची असते त्या आठवड्यात घरात कोणी ना कोणी जागं असतंच. यांची वावरात जायची वेळ होईस्तोवर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसायचो, मोबाइल पितळी गुंडाला टेकवलेला. संवाद जपानी, खाली इंग्रजी ओळी. मुलगी त्या वाचून मला आपल्या बोलीत सांगायची आणि मुलगा तिच्या चुका काढायचा. पहिले काही भाग मी भाकरी थापता थापता, नुसत्या कानानं ऐकले. नंतर हातातलं काम बाजूला ठेवून पाहू लागले.

गोष्ट अशी. अमेस्ट्रिस नावाच्या देशात अल्केमी, म्हणजे एका वस्तूची दुसरी वस्तू करायची विद्या आहे. तिचा एक नियम: काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोन भाऊ, एड अकरा वर्षांचा आणि आल दहाचा. बाप घर सोडून गेलेला, आई ट्रिशा आजारानं गेलेली. मुलं आईला परत आणायला निघतात. माणसाचं शरीर कशाकशाचं असतं ते जमवतात: पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, मीठ २५० ग्रॅम आणि पुढं बरंच काही. माझ्या मुलाला ही यादी तोंडपाठ आहे. आई येत नाही. एडचा डावा पाय जातो, आलचं सगळं शरीर जातं. मग एड आपला उजवा हात देतो आणि भावाचा जीव घरातल्या एका लोखंडी चिलखताला बांधून ठेवतो. गेलेल्या हाता-पायाच्या जागी एडला लोखंडी हात-पाय बसवले जातात. तिथून पुढं दोघांची वणवण, गेलेलं शरीर परत मिळवण्यासाठी. निघताना घर स्वतःच्या हातानं जाळून टाकतात, मागं फिरावंसं वाटू नये म्हणून.

आता शेवटाकडं येते. शेवटच्या लढाईत एडचा लोखंडी हात तुटतो आणि दुसरा हात अडकतो. तेव्हा आल त्या चिलखतात बांधलेला आपला जीव सोडून देतो आणि भावाचा उजवा हात परत आणतो. तो परत आलेला हात मला विसरता येत नाही. तो वाळलेला, बारीक, नखं वाढलेला असा येतो, कारण इतकी वर्षं तो कुठं होता आणि कसा होता याचा विचार चित्र काढणाऱ्यांनी केला आहे. दुसऱ्या कोणी तो एकदम दंडाच्या बेटकुळ्यांसकट दाखवला असता.

एडला हात मिळाला, पण भाऊ गेला. सोबतचे लोक जादूचा दगड पुढं करतात, वापर म्हणतात. तो दगड जिवंत माणसांच्या प्राणांपासून बनतो हे एडला माहीत आहे, तो नाही म्हणतो. बाप म्हणतो, माझा जीव घे. एड त्याच्यावर ओरडतो, आणि रागानं का होईना, त्याला बाप म्हणतो. एवढ्यावर तो म्हातारा रडतो. मग एड एकटा त्या दरवाजापुढं जातो, जिथून ही सगळी विद्या येते. तिथं बसलेलं बिनचेहऱ्याचं ‘सत्य’ विचारतं, काय देशील? एड तो दरवाजाच देतो. म्हणजे आपली विद्या, जिच्यासाठी सगळा देश त्याला ओळखतो ती. सत्य विचारतं, साधा माणूस होऊन राहशील का? एड सांगतो, मी साधाच होतो, ही विद्या हाताशी असूनसुद्धा एका लहान पोरीला वाचवू न शकलेला. आणि सत्य हसून म्हणतं, बरोबर उत्तर दिलंस, घेऊन जा भावाला.

माझं म्हणणं याच जागेपाशी आहे. चौसष्ट भाग नायकाची ताकद वाढत जाते, ती पाहायला पोरं बसतात, आणि शेवटी तो जिंकतो ते ती ताकद सोडून. पहिल्या भागापासून सांगितलेला नियम मोडून नव्हे, त्याच नियमानं. लेखिकेनं पळवाट ठेवली नाही. पुढं हाच एड छपरावर चढून घराची दुरुस्ती करताना दिसतो. एके काळी टाळी वाजवून भिंत उभी करणारा मुलगा हातोडी घेऊन बसला आहे, आणि त्याच्या तोंडावर दुःख नाही. माझा मुलगा हे पाहून गप्प झाला होता. त्याचे हात रोज कानशीनं सोललेले असतात.

शेवटचा भाग संपल्यावर मुलीनं विचारलं, “मंग आई, त्यायची माय कावून नाई आली?” सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं, आणि पोरगी त्यांच्याच कुशीत वाढलेली. तिला मी विसावा भाग परत लावून दाखवला. त्यात एड पावसात, ओकाऱ्या काढत, त्या रात्री पुरलेलं जे काही होतं ते उकरून पाहतो. केस काळे निघतात, मांडीचं हाड आईच्या मापाचं नसतं. म्हणजे त्या दोघांनी जे बनवलं ती आई नव्हतीच. त्यांच्या हातून ती दुसऱ्यांदा मेली, हे ओझं उतरतं, आणि त्याचबरोबर हेही कळतं की गेलेलं माणूस कोणत्याही विद्येनं येत नाही. मालिकेनं हे मधेच स्पष्ट सांगितलं आणि शेवटपर्यंत पाळलं. ट्रिशा येत नाही. ह्यूज नावाचा तो बायको-पोरीचे फोटो दाखवत फिरणारा भला अधिकारी दहाव्या भागात मरतो, तोही येत नाही. बाप घरी परत येतो तो ट्रिशाच्या कबरीपुढं बसून, समाधानानं प्राण सोडतो. मुलगी बराच वेळ मला चिकटून बसली. तिला पटलं असं मी म्हणणार नाही, पण तिनं परत विचारलं नाही.

ज्या लहान पोरीला एड वाचवू शकला नाही ती नीना. तिचा भाग चौथा. ज्या घरात आठ-दहा वर्षांची लेकरं आहेत त्यांनी तो भाग त्यांच्यापुढं लावू नये, हे मी कळकळीनं सांगते. स्वतःची नोकरी टिकवण्यासाठी एक बाप आपल्या मुलीचं काय करतो ते पाहून मला जेवण गेलं नाही. पण शेवटच्या भागात आलच्या तोंडी तीच पोर येते. साठ भागांनंतर! आल म्हणतो, तिला आम्ही अजून विसरलो नाही, म्हणून पुढं शिकायला निघालो आहोत. एक पूर्वेला जाणार, एक पश्चिमेला. आणि तो जुन्या नियमात एक भर घालतो: दहा मिळाले तर दहा परत देणं हा झाला नियम, आम्ही दहा घेऊन त्यात आपला एक मिळवणार आणि पुढच्याला अकरा देणार.

हे ऐकलं आणि मला सासूबाईंची धार आठवली. घरी दूध न्यायला येणाऱ्याचं माप भरलं की त्या वरून एक धार सोडायच्याच. आज दूध केंद्रावर जातं, तिथं फॅट लागते आणि पावती मिळते, वरून धार सोडायला जागा राहिली नाही. पण आल काय म्हणतो ते मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

भावांविषयी एक. आमच्याकडं सख्खे भाऊ हातभर धुऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, आणि एकाच्या घरचं लग्न असताना दुसऱ्याचं दार बंद असतं. असं माझ्या जवळच्या नात्यात आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. ह्या मालिकेत आधी एड आलसाठी हात देतो, मग आल एडच्या त्याच हातासाठी जीव देतो, मग एड आलसाठी विद्या देतो. कोणी कोणाला बोलून दाखवत नाही. माझी दोन लेकरं ते शेजारी शेजारी बसून पाहत होती, आणि मी त्यांच्याकडंही पाहत होते.

विन्री ही त्या दोघांच्या शेजारची मुलगी, एडचा लोखंडी हात-पाय बनवणारी. तिचे आईबाप डॉक्टर होते. इश्वाल हा अमेस्ट्रिसच्याच सैन्यानं उजाड केलेला प्रदेश. तिथल्या युद्धात शत्रू मानल्या गेलेल्या लोकांवर उपचार करत असताना ते त्यातल्याच एका जखमी माणसाच्या हातून मारले गेले. तो स्कार. विन्रीच्या हातात एकदा पिस्तूल येतं आणि समोर स्कार असतो, पण तिच्यानं गोळी झाडवत नाही. पुढं बऱ्याच भागांनी स्कारच्या दंडातून रक्त वाहत असतं तेव्हा ती पट्टी बांधते. आणि स्पष्ट सांगते की मी तुला माफ केलेलं नाही. मला हे फार खरं वाटलं. माफ न करताही माणूस पट्टी बांधू शकतो. शेवटी स्कार आपल्या लोकांची उजाड झालेली भूमी उभी करायला परत जातो. त्याच्या हातून मेलेले मेलेलेच राहतात आणि त्याला कामाला लावलं जातं.

शेवटात एक जागा मला खटकते, तीही लिहिते. अमेस्ट्रिसच्या सैन्यातल्या कर्नल मस्टँगचे डोळे जातात आणि ते त्याला त्याच दगडानं परत मिळतात, जो एडनं नाकारला. अट अशी की इश्वालचे लोक आपल्या भूमीवर परत वसवायचे, आणि मस्टँगही आधी आपल्या जायबंदी साथीदाराला बरं करा म्हणतो. मुलगा म्हणतो, दगडात प्राण इश्वालच्याच लोकांचे आहेत, मग ते त्यांच्याच कामी आले तर काय वाईट? आमचं यावर जोरात भांडण झालं. मला वाटतं मस्टँगनं आंधळ्यानंच ते काम केलं असतं तर ते जास्त शोभलं असतं, कारण इश्वाल जाळणाऱ्यांत तो स्वतः होता. सत्ताविसावा भाग मागचंच उगाळतो, तो सोडून दिला तरी चालेल. आणि शेवटची लढाई लांबते. पण विन्री आणि एडचं स्टेशनवरचं बोलणं सगळी भरपाई करतं. तो तिला लग्नाचं विचारतो तेही हिशेबाच्या भाषेत, माझं अर्धं आयुष्य तुला, तुझं अर्धं मला. ती म्हणते अर्धं कशाला, सगळंच घे, आणि मग लाजून टक्के कमी-जास्त करत बसते. मुलगी इतक्या जोरात ओरडली की गोठ्यातली वासरं उठली.

असा शेवट जमला कसा, याचा शोध मुलानं घेतला, आणि ते कळल्यावर मला हे पत्र लिहावंसं वाटलं. मूळ चित्रकथा हिरोमु अराकावा या बाईंची. २००१ ते २०१० एका मासिकात ती येत होती, पुस्तकरूपात तिचे २७ खंड झाले. २००३ साली तिच्यावर पहिली मालिका आली तेव्हा कथा अर्धवटच होती, म्हणून त्या मालिकेनं ५१ भागांत आपला वेगळा शेवट केला. त्यात भाऊ दोन वेगळ्या जगांत जाऊन पडतात. नंतर २००९ ला बोन्स याच स्टुडिओनं, यासुहिरो इरिए यांच्या दिग्दर्शनात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी लेखिकेच्या मागोमाग गेले. चित्रकथेचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये आलं आणि मालिकेचा शेवट त्यानंतर महिन्याभरातच. जिला गोष्ट सुचली तिलाच ती संपवू दिली. आपल्या वाहिन्यांनी यातून काही घ्यावं.

आणि या अराकावाबाई होक्काइडो बेटावरच्या ‘टोकाची’ नावाच्या भागात, दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मल्या. शेतकी शाळेत शिकल्या, आणि शाळा संपल्यावर सात वर्षं घरच्या गोठ्यावर राबल्या. मग टोकियोला जाऊन दुसऱ्या चित्रकाराच्या हाताखाली काम धरलं. स्वतःचं चित्र काढायचं झालं तर त्या चष्मा लावलेली गाय काढतात. पुढं त्यांनी शेतकी शाळेवरच ‘सिल्व्हर स्पून’ नावाची मोठी चित्रकथा लिहिली. हे समजलं आणि मला बाराव्या भागाचा उलगडा झाला. त्यात गुरुबाई इझुमी दोन्ही भावांना एक सुरी देऊन महिनाभर निर्जन बेटावर सोडतात. भुकेनं मरायला टेकलेला एड मुंग्या बघतो, ससा बघतो, कोल्हा बघतो, आणि त्याला कळतं की मी मेलो तर मुंग्या मला खातील, माती होईल, त्यातून गवत येईल, ते ससा खाईल. हे पुस्तकातून आलेलं नाही. ज्या बाईनं मेलेलं वासरू ओढून नेलं आहे, आणि त्याच्या गाईची धार त्याच दिवशी काढली आहे, तिला हे असंच सुचणार. समान मोबदला काय असतो ते गोठ्यात कळतं. ढेप, सरकी, कुटार जितकं घालाल तितकं दूध, आणि कधी कधी सगळं घालूनही सकाळी जनावर उठत नाही.

इझुमी मला सगळ्यांत जवळची वाटली. सैन्याच्या तुकड्या उलथवते आणि कोण म्हणून विचारलं की सांगते, मी एक गृहिणी. तिचं बाळ जन्मताच गेलेलं, तिनंही ते परत आणायचा प्रयत्न केलेला आणि पोटातले काही अवयव गमावलेले. रक्त ओकत ती पोरांना शिकवते. आमच्याकडं कोणत्याही अर्जावर व्यवसाय विचारला की पहाटे साडेचारला उठून चार जनावरांच्या धारा काढणाऱ्या बाईपुढं गृहिणीच लिहिलं जातं. तो शब्द इझुमीच्या तोंडी ताठ मानेनं आला, याचा मला आनंद झाला.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की अराकावाबाईंवर आपण एक सविस्तर लेख छापावा, जाणकाराकडून लिहून घ्यावा, आणि तो मनोरंजनाच्या पानावर न देता शेतीच्या पानावर द्यावा. दूध केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या बाया आणि त्यांची मोबाइलवाली पोरं, दोघंही ते पान बघतात. लेखासोबत एक चौकट द्या असं मुलगा सांगतो आहे: २००३ ची मालिका वेगळी आणि २००९ ची वेगळी, नावात ‘ब्रदरहुड’ आहे का ते बघूनच लावा. त्याचे दोन मित्र चुकीची लावून बसले आहेत आणि शेवट बेकार आहे म्हणून गावभर सांगत फिरतात.

आपली नियमित वाचक,
एक दूधउत्पादक शेतकरी
ता. आर्वी, जि. वर्धा